वाल आणि पाला

सरकारी नोकराचे आयुष्य तारखांनी बांधलेले असते. रुजू झाल्याची तारीख, वेतनवाढीची तारीख, रजा संपण्याची तारीख, आणि जी केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नसते पण येईल याबद्दल कोणाच्याही मनात शंका नसते ती बदलीच्या हुकमाची तारीख. या साऱ्या तारखा सेवापुस्तकात यथाकाल नोंदल्या जातात. झाशीस आल्यापासून मात्र आम्हांला आणखी एका तारखेचा छंद जडला आहे. तिची नोंद कोणत्याही पुस्तकात होत नाही, तिच्यावर कोणाची सही नसते आणि तिची आगाऊ सूचना मिळालीच तर फार तर चार दिवस आधी मिळते. ती तारीख म्हणजे पाला पडण्याची.

'पाला' हा शब्द वाचून कोणा वाचकाच्या डोळ्यांपुढे शेळीपुढे टाकलेला झाडपाला उभा राहिला, तर त्यात त्याचा यत्किंचितही दोष नाही. मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. हिंदीत पाला म्हणजे त्या पानांचा काळ! आपला पाला 'पल्लवा'पासून आला आणि इकडचा 'प्रालेया'पासून, म्हणजे हिमापासून, असे व्युत्पत्ती सांगते. महाराष्ट्रात या प्रकाराची गाठ क्वचितच पडते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले, की ती वर्तमानपत्रात छापण्याजोगी बातमी होते. निफाडकडचे द्राक्षबागाईतदार कडाक्याच्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी सोडतात, तेवढ्यांना या शत्रूची ओळख आहे. आम्ही मात्र अलिबागच्या बाजूचे. आमच्याकडे किमान तापमान १५ अंशांपर्यंत उतरले, की म्हातारी माणसे कानाला मफलर गुंडाळतात. हवामान खात्यानेही किनाऱ्याच्या या नाजूकपणाची दखल घेतली आहे. मैदानी मुलखात पारा १० अंशांवर वा त्याखाली येऊन शिवाय सरासरीहून साडेचार अंशांनी घसरल्याखेरीज खाते सहसा 'थंडीची लाट' हा शब्द उच्चारत नाही. किनाऱ्यावर, तितकीच घसरण झाली तर, १५ अंशही त्याला पुरतात.

किनाऱ्यावर पाला का पडत नाही, हे शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात आम्ही पाठ केले होते. ते कळले मात्र झाशीत. पाणी हळूहळू तापते आणि हळूहळूच निवते. दिवसभर साठवलेली ऊब समुद्र रात्री परत देत राहतो, आणि किनाऱ्याची दमट हवा जमिनीवर पातळशी गोधडी घातल्यासारखी पसरलेली असते. झाशीहून समुद्र सरळ रेषेतही सहाशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे. इथली हिवाळ्याची हवा कोरडी, आकाश निरभ्र, आणि परसातली तांबूस, भुरभुरीत जमीन पाणी धरून ठेवण्यास नाखूश. बुंदेलखंडात या हलक्या जमिनींना 'राकड' आणि 'पडुआ' म्हणतात. काळ्या, भारी जमिनींना 'काबर' आणि 'मार'. सरकारी क्वार्टर बांधताना अर्थातच भारी जमीन कोणी निवडलेली नाही. सूर्य मावळला, की ही कोरडी माती दिवसाची सारी मिळकत हातोहात उधळून टाकते आणि पहाटेपर्यंत कफल्लक होते. जानेवारीत इथले सरासरी किमान तापमान आठ-नऊ अंशांच्या घरात असते. पण ते मोजणारा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, पेटीच्या सावलीत टांगलेला असतो. स्वच्छ आणि निवांत रात्री जमिनीलगतचे पान त्या पाऱ्याहून तीनचार अंश अधिक थंड असू शकते. तेव्हा बातम्यांत चार अंश ऐकून 'अजून शून्य दूर आहे' असे समाधान मानणे तापमापकाला परवडेल. वालाच्या वेलाला परवडत नाही.

वालाचे नाव आलेच आहे, तर मूळ कथा सांगितली पाहिजे. वडील वारल्यानंतर आई आमच्याकडे राहावयास आली. तिच्या सामानात एक पितळी डबा होता. डब्यात राखेत घोळलेले आणि वर चार बिबे टाकून ठेवलेले कडवे वाल होते. मोजले तर सहा मुठी भरले. भात कापून झाल्यावर खाचराच्या ओलीवर वाल टाकावयाचे आणि नुसत्या दवावर ते वाढू द्यावयाचे, ही आमच्या बाजूची रीत. पुढे थंडी पडली, की कोवळ्या शेंगा मडक्यात भरून, भांबुर्डीचा पाला घालून पोपटी लावावयाची. आणि वाळलेल्या दाण्यांचे वर्षभर बिरडे. आमच्या घरचे बियाणे आजीच्या सासूपासून चालत आलेले. ज्या खाचरांत ते पेरले जाई ती आता विकली गेली असून तिथे बंगल्यांची कुंपणे उभी आहेत. वाल बाजारात वाटेल तितके मिळतात हे आम्ही आईला सांगितले. ती म्हणाली, "अरे, वाल मिळतात. हे वाल मिळत नाहीत." यावर आम्हांला काही उत्तर सुचले नाही.

बियाण्याची अडचण अशी, की ते सोन्यासारखे पेटीत घालून निश्चिंत होता येत नाही. डब्यातला वाल दरसाल थोडा थोडा मरत असतो. आज नाही तर उद्या भुंगा लागतो. जपून ठेवावे तर जाते, आणि पेरावे तर परक्या मुलखाच्या हवेवर हवाला! त्यातही आईला ठाऊक असलेले वेळापत्रक समुद्राकाठचे होते. कार्तिकात पेरलेला वाल पौष-माघात फुलतो आणि शेंगांनी लदतो. आमच्या गावी पोपटीची मडकी चढतात नेमक्या त्याच दिवसांत झाशीत पाला पडतो. जी थंडी तिकडे शेंग भरते तीच इकडे फूल जाळते. थंडी हा शब्द एकच. मुलूख बदलला की अर्थ बदलतो.

बागकामाच्या विलायती आणि अमेरिकन पुस्तकांत या प्रश्नाला सोपे उत्तर असते. अमेरिकेत प्रत्येक गावासाठी वसंतातल्या शेवटच्या आणि शरदातल्या पहिल्या हिमाच्या तारखा तीस-तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेल्या असतात, आणि त्यांतही मौज अशी की एकच तारीख न देता शक्यतेच्या टक्क्यांसह अनेक दिलेल्या असतात: अमुक तारखेनंतर हिम पडण्याचा संभव शेकडा पन्नास, तमुक तारखेनंतर शेकडा दहा. तिकडला माळी या दोन हिमांच्या दरम्यान आपला हंगाम बसवतो. आपल्याकडे उलटा मामला आहे. इथला भाजीचा खरा हंगामच हिवाळ्यात, आणि पाला येतो तो हंगामाच्या कडेला नव्हे, तर भर मध्यभागी. तोही महिनाभर ठाण मांडून नव्हे, तर पाच-सात रात्रींचा पाहुणा म्हणून. एखाद्या वर्षी येतच नाही. न आलेल्या पाहुण्यासाठी दरसाल अंथरूण घालून ठेवावे लागते, एवढेच.

पण इकडच्या लोकांजवळ तारीख नाही असे मात्र नाही. उत्तर हिंदुस्थानात कडाक्याच्या चाळीस दिवसांना 'चिल्ला जाडा' म्हणतात. सूर्य धनु राशीत असतानाचे शेवटचे पंधरा दिवस आणि मकरेत शिरल्यानंतरचे पहिले पंचवीस, असा त्याचा हिशेब. इंग्रजी तारखांत मांडला तर तो साधारण ३० डिसेंबरपासून ७ फेब्रुवारीपर्यंत येतो. सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरचा असताना थंडीचा कळस जानेवारीत का, याचे कारणही या हिशेबात गृहीत आहे: दिवस वाढू लागला तरी कित्येक आठवडे जमिनीची जमा खर्चाहून कमीच राहते. आम्हांला हा हिशेब मोठा पसंत पडला. तो पंचांगाच्या चंद्राला न जुमानता सूर्यावर चालतो, म्हणून दरवर्षी त्याच तारखांना येतो. आणि ज्या अर्थी तो चाळीस दिवसांचा आहे, त्या अर्थी तो तारीख सांगत नाही, जोखमीचा काळ सांगतो. अमेरिकन टक्केवारीचा भावार्थ याहून फारसा निराळा नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सोपे आहे. चाळीस दिवस हात बांधून बसावे आणि फेब्रुवारीत निर्धास्तपणे लावणी करावी. झाशीत नेमके हेच चालत नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लावलेल्या टोमॅटोच्या रोपाला फळ देण्यास साठ-सत्तर दिवस हवेत, आणि एप्रिलच्या मध्यास इथला पारा चाळिशीला टेकतो. दिवसाचे ऊन पस्तिशीच्या वर राहू लागले, की टोमॅटोचे फूल फळ न धरताच गळते. एका दाराशी पाला उभा, दुसऱ्या दाराशी लू. पाल्याच्या धास्तीने जो दोन आठवडे जास्त थांबला, त्याचे दोन आठवडे लू खाऊन टाकते. सावधपणा फुकट मिळत नाही, त्याची किंमत दुसऱ्या टोकाला मोजावी लागते, हे आम्ही या परसात शिकलो. म्हणून टोमॅटोचे बी चिल्ल्यातच, भिंतीच्या आडोशाला झाकलेल्या खोक्यात पेरावयाचे आणि रोपे हातभर होण्याआधी चिल्ला संपता संपता वाफ्यात हलवावयाची.

याप्रमाणे आम्ही परसाचा आराखडा एका जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर मांडला. मुळा, गाजर, पालक, मेथी, कोबी आणि लसूण यांना पाल्याचे भय बेताचे. त्यांना मोकळ्यावरचे वाफे दिले. मटार लहानपणी थंडी सोसतो, पण फुलावर आणि कोवळ्या शेंगेवर आला की हळवा होतो. म्हणून तो ऑक्टोबरच्या आरंभी पेरला, की चिल्ल्याआधी बहुतेक तोडणी उरकावी. बटाटा नव्वद दिवसांत निघणाऱ्या जातीचा, दसऱ्याच्या सुमारास लावला. परसाचा ईशान्येकडचा सखल कोपरा कोणत्याच नाजूक भाजीला दिला नाही. कारण थंड हवा जड असते आणि पाण्यासारखीच उतारावरून वाहत जाऊन खळग्यात साचते. आणि दक्षिणेकडे तोंड केलेली जी एकुलती एक विटांची भिंत आहे, जी दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते सावकाश परत करते, तिच्या पायथ्याची जागा वालासाठी राखून ठेवली.

आता प्रश्न सहा मुठींचा. आमच्या व्यवसायाने आम्हांला एक गोष्ट शिकवली आहे: महत्त्वाचा कागद तीन प्रतींत करावा. तोच नियम वालाला लावला. दोन मुठी गणेशचतुर्थीच्या सुमारास, सप्टेंबरच्या आरंभी, मोकळ्या वाफ्यात पेरावयाच्या, म्हणजे चिल्ला लागण्याआधी दाणा वाळून हाती यावा. दोन मुठी ऑक्टोबरच्या मध्यास भिंतीच्या पायथ्याशी, आईच्या कोकणी वेळापत्रकाच्या शक्य तितक्या जवळ. आणि दोन मुठी डब्यात, बिब्यांसह. आईने हा आराखडा लक्षपूर्वक ऐकला आणि विचारले, "आणि मध्येच बदली झाली तर?" आम्ही म्हणालो, झाली तर झाली, पण बदलीची वाट पाहत बी डब्यात ठेवले तर बदली न होताही ते जाईलच. तिने मान हलवली आणि राख झटकून चार मुठी सुपात काढल्या.

सप्टेंबरचा वाल मनासारखा आला. पाऊस ओसरताना वेल भिंगुळले, दिवाळीच्या पुढेमागे फुले आली, आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आईने वाळलेल्या शेंगा उन्हात झोडपल्या. मधल्या कोवळ्या शेंगा पोटात गेल्या त्या वेगळ्या. नुसता वाळला दाणा तीन किलोंवर भरला. भिंतीकडचा वाल मात्र ऐन चिल्ल्यात फुलावर होता.

आमच्याकडे भाजी आणणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. आले आणि अळकुड्या यांसाठी नामांकित असलेल्या बरुआसागरच्या बाजूस ते वाट्याने शेती करतात. त्यांना सारी वसाहत 'कक्का' म्हणते. पाल्याची तीन लक्षणे आईला त्यांनीच शिकवली. संध्याकाळी आकाशात ढगाचा ठिपका नसावा. दिवसभर वाहणारा उत्तरेचा गार वारा अंधार पडताच अचानक थांबावा. आणि चांदण्या नेहमीपेक्षा जवळ आल्यासारख्या दिसाव्यात. हवामानशास्त्रही याहून निराळे सांगत नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे हिवाळी वादळ डोक्यावर असेतो ढगांचे पांघरूण असते आणि भय नसते. ते पुढे सरकून आकाश धुतल्यासारखे स्वच्छ झाले, की मागून येणारी गार हवा आणि उघडी रात्र मिळून पाला पाडतात. हवामान खाते शेतकऱ्यांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी सल्लापत्रिका काढते, ती आम्ही नेमाने वाचतो. पण संक्रांतीनंतरच्या त्या सायंकाळी पत्रिका वाचण्याच्या आधीच कक्का फाटकाशी थांबून म्हणाले, "अम्मा, आज ढाँक दो."

मग आमच्या घरात जी धावपळ उडाली तिचे वर्णन करीत नाही. अंधारापूर्वी वाफ्यांना पाणी दिले. ओली माती कोरडीपेक्षा अधिक ऊब साठवते. आणि पाणी गोठू लागलेच तर गोठता गोठता प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडते. आई म्हणाली, "म्हणजे थोडा समुद्रच आणून ओतायचा." शास्त्रदृष्ट्या हे विधान अगदी बिनचूक होते. गवताच्या ताट्या वायव्येकडून तिरक्या लावल्या, आग्नेयेची बाजू सकाळच्या उन्हासाठी मोकळी ठेवली. ताट्या आतल्या ओळीपुरत्याच पुरल्या. बाहेरच्या ओळीवर आमच्या पत्नीने दोन जुन्या चादरी घातल्या, त्या तिसऱ्या प्रहरी वाऱ्याने सरकल्या की दवाने जड होऊन खाली बसल्या, कोण जाणे.

पहाटे गवताच्या टोकांवर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे होते. बाहेरच्या ओळीची पाने त्या वेळी ताठ आणि सुंदर दिसत होती. पाल्याचा घाव पडताना दिसत नाही. पानाच्या आतले पाणी गोठते, पेशी निकामी होतात, आणि ऊन लागून बर्फ वितळला की मग सारे उघडकीस येते. नऊ वाजेपर्यंत ती पाने काळपट हिरवी, ओलसर, लोळागोळा झाली होती. आईने एक पान बोटांत चुरडले आणि म्हणाली, "उकडलंन् की रे, सोलायच्या आधीच." आतली ओळ, भिंतीच्या कुशीतली, फुलांसकट उभी होती.

आम्हांला वाटले होते, की निम्मी ओळ गेल्याचे तिला फार लागेल. तिला लागले, पण त्याहून अधिक तिला विचारात पाडले. दिवसभर ती दोन ओळींमधले अंतर न्याहाळत होती. ते वीतभरही अधिक नव्हते. बी तेच, माती तीच, रात्र तीच. एकीला भिंत मिळाली, दुसरीला नाही. सायंकाळी ती म्हणाली, "सगळं एकाच परसात ठेवायचं नाही."

झाशीत मराठी माणूस नवा नाही. नेवाळकरांचे घराणे मूळ रत्नागिरी जिल्ह्यातील कोट गावचे. आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात या शहरात अडकले होते, आणि त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचे लग्न लागले, तिथे आजही मराठी बायका जमतात. कित्येक पिढ्यांपासून इथे राहणारी घरे आहेत, आणि आमच्यासारखी तीन वर्षांच्या बोलीने आलेलीही आहेत. आईने रथसप्तमीच्या आत घरी हळदीकुंकू केले. वाण म्हणून इतर बायका स्टीलच्या वाट्या किंवा प्लास्टिकचे डबे लुटतात. तिने सप्टेंबरच्या पिकातले वाल लुटले: प्रत्येकीला एक मूठ, राखेत घोळून, कागदाच्या पुडीत. सव्वीस पुड्या गेल्या. एक पुडी कक्कांच्या घरी गेली. ते हळदीकुंकवाचे नव्हते, पण बियाण्याच्या बाबतीत आईने हा भेद मानला नाही.

या मजकुराच्या वाचकांपैकी कोणी भटिंड्यास असतील, कोणी ग्वाल्हेरीस, कोणी डेहराडूनला. प्रत्येकाच्या परसाच्या तारखा निराळ्या, आणि प्रत्येकाच्या खिशातला बदलीचा हुकूम अजून टंकलिखित व्हावयाचा. आमचाही येईल. तो चिल्ल्याआधी येवो की नंतर, वालाची आता आम्हांला काळजी नाही.

पुड्या बांधताना आईने प्रत्येकीवर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या. साठ वर्षे जी बाई कार्तिकातल्या खाचरांखेरीज वालाला दुसरा काळ ओळखत नव्हती, तिने लिहिले होते: 'गणपतीत पेरावे. चिल्ल्याआधी काढावे.'